घेतली म्हटल्याबिगर

शिक्रापूरच्या चौकातून चाकणच्या रस्त्याला लागलं, की दोन्ही अंगांना खोल्याच खोल्या. परवापरवापर्यंत जिथं बाजरी डुलायची, तिथं आता पत्र्याच्या चाळी. एकीत बिहार, दुसरीत लातूर, तिसरीत अर्धं ओडिशा. सकाळी कंपन्यांच्या बस येतात, जाणती माणसं उचलून नेतात आणि मागं उरतात ती बारकी पोरं. त्या बारक्यांची अंगणवाडी माया ओव्हाळ सांभाळते.

माया अंगानं किरकोळ, पण आवाज असा की ट्रकवाल्यानं हॉर्न बंद करून ऐकावं. मदतनिसाची जागा कधीची रिकामी. त्यामुळं केर काढणं, पोरं गोळा करणं, नाकं पुसणं, गाणी म्हणणं, खिचडी वाढणं, वजनं घेणं, सगळं तिच्याच अंगावर. कुणी विचारलं, "बाई, एकटीला जमतं कसं?" तर म्हणते, "जमत न्हाईच. पण पोरांना कुठं म्हाईत हाय ते?"

अंगणवाडी वस्तीवरच्या मराठी शाळेच्या आवारातच आहे. मधे एक भिंत, आणि भिंतीला पोरांनी पाडलेलं भगदाड. भिंतीच्या अलीकडं एक खातं, पलीकडं दुसरं. साहेब वेगळे, मिटिंगा वेगळ्या, सुट्ट्यासुद्धा वेगळ्या. शाळेचे मुख्याध्यापक पृथ्वीराज सर, तरुण गडी, कायम इस्त्रीच्या शर्टात. त्यांचं आणि मायाचं बरं होतं. दिवाळीनंतर दोघांनी आपसांत एक ठरवलं. जी पोरं येत्या जूनला पहिलीत जायची, त्यांनी खिचडी खाल्ली की भगदाडातून पलीकडं जायचं आणि पहिलीच्या वर्गात मागं बसायचं. सवय होईल. शिवाय इंग्लिश मिडियमच्या पिवळ्या व्हॅनची नजर पडायच्या आत पोरं शाळेला चिकटतील, हा सरांचा डाव. मायाला तर ते फारच आवडलं. आपली पोरं पलीकडच्या वर्गात बसलेली बघताना तिला लेक नांदायला गेल्यासारखं वाटायचं.

या सगळ्यात तिसरी होती धुरपदाबाई. मूळची केंदूरची, नवऱ्याच्या नोकरीपायी चाळीत येऊन राहिलेली. कामावर जाणाऱ्या बायांची पोरं ती आपल्या खोलीत सांभाळायची. सकाळी अंगणवाडीच्या फाटकात सोडायची, संध्याकाळी शाळा सुटली की न्यायची. मायाचं आणि तिचं मात्र अजिबात पटायचं नाही. एकदा नळावर सगळ्यांदेखत माया बोलून गेली होती, "खोली न्हाई ती, कोंडवाडा हाय. पोरं हायत का शेरडं?" धुरपदाबाईनं हंडा उचलला आणि निघून गेली. तेव्हापासून बोलणं बंद. पोरं फाटकाशी आणायची आणि पाठ फिरवायची. ती कुणाच्या हातात गेली ते बघायचं नाही, कारण बघायचं म्हणजे मायाचं तोंड बघावं लागतं.

गुड्डी याच पोरांतली. आई रिंकू बिहारची, सणसवाडीला एका कंपनीत पॅकिंगला. बाप ट्रकवर, कधीमधी घरी यायचा. पोरगी सकाळी धुरपदाबाईकडं, मग मायाकडं, दुपारी सरांकडं, संध्याकाळी परत धुरपदाबाईकडं.

एका गुरुवारी शिक्षण परिषद होती, म्हणजे आसपासच्या सगळ्या गुरुजींची दुसऱ्या गावाला मिटिंग. अशा दिवशी शाळा सकाळची भरते आणि लवकर सुटते. सरांनी आदल्या दिवशी पोरांना सांगितलं, पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. भिंतीपलीकडं सांगायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्या ग्रुपवर माया नव्हती, कारण ती शाळेची नव्हे. रिंकूही नव्हती, कारण गुड्डी अजून शाळेची नव्हे.

नेमकं त्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण. तान्ह्या पोरांनी असा गिल्ला केला होता, की पलीकडची शाळा चिडीचूप झालीय हे मायाच्या कानाला कळलंच नाही. गुड्डीच्या जोडीच्या दोघी तापानं घरी. खिचडी झाली, तशी मायानं कुणाचंतरी बाळ खांद्यावर धरून दारातूनच हात केला, "जा गं गुड्डे, पळ." गुड्डी भगदाडातून गेली. पलीकडं वर्गाला कुलूप.

संध्याकाळी धुरपदाबाई आली. शाळेला कुलूप, अंगणवाडीलाही कुलूप. तिला वाटलं, आज सुट्टी म्हणून मायानं आईला बोलावून पोरगी दिली असणार. फोन करून विचारायचं, तर मायाशी बोलावं लागलं असतं. ती तशीच माघारी गेली.

दिवस मावळताना रिंकू बसमधून उतरली आणि मग वस्तीत धावाधाव झाली.

"मला वाटलं शाळंत हाय," माया.

"मला वाटलं आईकडं दिली," धुरपदाबाई.

"मला वाटलं आज तुम्ही तिकडंच ठेवली असेल," फोनवर सर.

गुड्डी सापडली ती वजनकाट्यावर. चौकाच्या अलीकडं ट्रक तोलायचा काटा आहे, शंकरराव म्हणून एक म्हातारबा तो सांभाळतात. आईची बस जाते त्या दिशेला पोरगी चालत निघाली होती. शंकररावांनी तिला उचलून खाटेवर बसवलं, बिस्किटाचा पुडा दिला. कुणाची गं तू, विचारलं, तर म्हणायची, "मैडम की." कुठल्या मॅडमची, हे त्यांना कसं कळावं?

"कुनीतरी हुडकत यील म्हनून बसलो," ते मायाला म्हणाले. "दुपारपसनं बसलोय. कुनी आलंच न्हाई की वो."

मायाला इंगळी डसल्यासारखं झालं. खरंच, दुपारपासून पोरीला कुणी हुडकलंच नव्हतं.

रिंकू आरडली नाही की ओरडली नाही. पोरीला कडेवर घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तीन-तीन जन थे दीदी. तीन में से एक को भी नहीं मालूम."

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत निम्मीच पोरं. माया खोल्यांकडं गेली, तर दारांना बाहेरून कुलपं आणि पोरं आत. खिडक्यांच्या गजांतून एकेकाचं नाक बाहेर आलेलं. गुड्डीनं तिला बघून हात हलवला. तिच्यामागं ताटलीत झाकून ठेवलेली रोटी, कोपऱ्यात बादली, आणि हाताच्या अंतरावर गॅसची टाकी. मायानं कुलूप हातात धरलं, ओढून बघितलं, सोडून दिलं. धुरपदाबाईच्या खोलीला निदान दार उघडं असायचं.

संध्याकाळी तिनं रिंकूला गाठलं. "अगं, अंदर आग लगी तो? पोरगी क्या करेगी?"

"बंद है तो इतना तो मालूम है ना, कि कहाँ है."



रविवारी ती एसटीनं न्हावऱ्यावरून दौंडला माहेरी गेली. वडील अंगानं उंचेपुरे, पण स्वभावानं थट्टेखोर. उभी नोकरी रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा पॉईंट्समन म्हणून केली. मायाचं लहानपण रेल्वे कॉलनीतच गेलं. आता म्हातारा गावातल्या घरी ओट्यावर बसून गाड्यांच्या शिट्ट्यांवरून कुठली गाडी लेट ते सांगतो. "जय भीम, आबा," म्हणून माया शेजारी टेकली आणि झालेलं सगळं ओकून मोकळी झाली.

म्हातारा ऐकून घेऊन म्हणाला, "ह्यो म्हंतो तिकडं हाय, त्यो म्हंतो इकडं हाय. आमच्यात आसं झालं आसतं तर दोन गाड्या नाकाला नाक लावून हुब्या ऱ्हायल्या आसत्या."

"मग तुम्ही काय करायचा?"

"काय म्हंजी? पुढल्या टेसनाला इचारायचं, गाडी घेतो का. त्यो घेतो म्हनला की मग शिंगल. न्हाई म्हनला, तर गाडी आपल्या दारात. मग आत मंत्री बसूं दे न्हाईतर कोळसा भरूं दे."

"आन् त्या टेसनाच्या मास्तरशी आपलं वाकडं आसलं तर?"

"आगं, व्हतं की एकाचं! आमचा मास्तर आन् पुढल्या टेसनाचा, दोघांची सोयरीक मोडल्याली. एकमेकाच्या दारात जात नव्हते. पर गाडीचं आलं की फोनवर बोलायचे. शिव्या घालून बोलायचे, पर बोलायचे."

सोमवारी माया सरांपुढं उभी राहिली. आता भगदाडातून कुणी जायचं नाही. पोराचा हात धरून मी वर्गाच्या दारापर्यंत येणार. तुम्ही दुसरा हात धरून तोंडानं म्हणायचं, घेतली. मुलगा असला तर घेतला. तोवर मी हात सोडणार नाही. संध्याकाळी धुरपदाबाईच्या हातात देताना तुम्हीही तसंच. आणि सकाळची शाळा असली की आधी मला सांगायचं, मग ग्रुपला.

सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "कल्पना चांगलीय, मायाताई. पण आपली खाती वेगळी. दोन्हीकडून एकत्र पत्र आलं तर बरं पडेल."

"सर, पोरं दुपारची इकडं बसवली, त्याचं कुठं पत्र आलं व्हतं?"

सरांनी पेन खिशाला अडकवलं. मग हळूच म्हणाले, "त्या दिवसापासून मलाही गोड लागत नाही. उद्यापासून करू. पण धुरपदाबाईंचं काय?"

तेच तर अवघड होतं. माया संध्याकाळी तिच्या दारात गेली.

"या मॅडम," धुरपदाबाई कणीक मळता मळता म्हणाली. "कोंडवाडा बघाया आला व्हय?"

माया उंबऱ्याबाहेरच बसली. "चुकलं माझं, धुरपदाबाई."

"काय चुकलं?"

"बोलले ते."

"कुठं बोलला व्हता?"

"नळावर."

"मग नळावर येऊन म्हना. हितं कोन ऐकतंय?"

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला माया नळावर गेली आणि हंड्यांच्या रांगेपुढं म्हणाली, की मी धुरपदाबाईंच्या खोलीला कोंडवाडा म्हटलं, ते माझं चुकलं. तिच्या आवाजाला काही कमी नव्हती. तरी धुरपदाबाई शांतपणे कळशी विसळत म्हणाली, "कडंच्या चाळीला न्हाई गेलं. जरा मोठ्यानं." बाया फिदीफिदी हसल्या. मायानं परत म्हटलं, या वेळी पार ओडिशापर्यंत गेलं असेल.

"झालं समाधान?"

"निम्मं झालं. पालकसभंत मला बी खुर्ची पायजे. सरांच्या वळीत. सतरंजीवर न्हाई बसनार."

खुर्ची मिळाली. धुरपदाबाई नवं लुगडं नेसून तिच्यावर बसली आणि सभेत सगळ्यांत जास्त तीच बोलली. पोरं हातोहात द्यायला लागली. सुरुवातीला सरांना लाज वाटायची, घेतला, घेतली म्हणताना ते आजूबाजूला बघून घ्यायचे. हळूहळू लातूरच्या बाया परतल्या, मग ओडिशाच्या. रिंकूचं कुलूप मात्र तसंच. माया रोज खिचडीनंतर तिच्या खिडकीशी जायची, गजांतून गुड्डीला वाटी द्यायची, एखादं गाणं म्हणून घ्यायची.

एकदा शाळा सुटायच्या वेळेला चौकात कंटेनर आडवा झाला. धुरपदाबाई बाजाराला गेलेली, तिची सहासीटर गर्दीत अडकून पडली. सगळी पोरं घरी गेली, धुरपदाबाईची तीन राहिली. सरांना तालुक्याला साहेबांपुढं जायचं होतं, मोटारसायकल फाटकात चालू उभी. त्यांनी मायाला फोन लावला, पण ती गरोदर बायांच्या घरभेटीला पलीकडच्या वस्तीवर गेलेली. सरांनी गाडी बंद केली आणि पायरीवर पोरांजवळ बसले. फोन वाजला.

"हो साहेब, निघतोच... नाही, अजून घेतली नाहीत... पोरं, साहेब... अहो, कुणी घेतल्याशिवाय कसा निघू?" फोन कानापासून लांब धरावा लागला, इतका साहेबांचा आवाज.

रिंकूची त्या दिवशी सुट्टी होती. शाळेसमोरच्या पक्क्या घराच्या गच्चीवर ती कपडे वाळत घालत होती. पिळलेलं फडकं हातात तसंच धरून ती हे बघत राहिली. बराच वेळ गेला. दोन पोरं सरांच्या इस्त्रीच्या शर्टाला टेकून पेंगायला लागली. एकीकडून माया पळत आली, तेवढ्यात दुसरीकडून धुरपदाबाई, पिशवीतली मेथी सांडत.

"घेतली, घेतला, घेतली! जावा सर, तुमचा सायेब वरडत आसंल."

"ओरडून झालं त्यांचं," सर म्हणाले.

रिंकू खाली उतरून फाटकाशी आली. "सर, आपका जाना ज़रूरी था?"

"था ना."

"फिर गये क्यों नहीं?"

सरांनी शर्टाच्या सुरकुत्या झटकल्या. "कैसे जाता? किसी ने लिया नहीं था."

रिंकू माघारी फिरली.

दुसऱ्या दिवशी तिची दुपारची शिफ्ट होती. अंगणवाडी भरायच्या वेळेला ती गुड्डीला घेऊन आली. पोरीच्या केसांना तेल, अंगात धुतलेला फ्रॉक. माया हातातला झाडू टाकून धावली, खाली बसली, गुड्डीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "आली का माझी बाय! किती वाळली गं!" हात धरून ती पोरीला आत न्यायला लागली, तर पोरगी हलेना. दुसरं मनगट रिंकूच्या मुठीत होतं.

"काय झालं?" मायानं विचारलं.

"बोलिए ना."

"क्या बोलू?"

"वही. जो आप लोग बोलते हैं."

माया उभी राहिली. "घेतली," ती म्हणाली, पार कडंच्या चाळीला जाईल अशा आवाजात.

रिंकूनं मूठ उघडली. "खिचड़ी में मिर्ची कम डालना," ती म्हणाली, "मुँह आया है इसका."