दाजींची लाथ

माणसाच्या अंगात हाड, मांस आणि रक्त सोडून जे काही उरतं, ते सगळं आपल्या ताब्यात आहे असं मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. दाजी पायाळू होते. जो पायांकडून जन्माला येतो, त्याची लाथ पाठीला लागली की भरलेली उसण उतरते, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. रहिमतपूरच्या आसपास कुणाची पाठ धरली की तो माणूस वाकडातिकडा होत, सकाळी उपाशीपोटी दाजींच्या अंगणात हजर व्हायचा. शेती अक्का आणि गडीमाणसं बघायची. गावात दाजींना जो काही मान होता, तो त्यांच्या पायाला होता.

मात्र तो पाय उजवा की डावा, हे दाजींना शेवटपर्यंत नक्की ठरवता आलं नाही. अंगणात पालथ्या पडलेल्या माणसालाच ते विचारायचे, "मागल्या टायमाला कुठला लावला हुता वं?" त्यात वडीलधाऱ्याला लाथ मारायची म्हणजे पाप. म्हणून दाजी आधी त्याच्या पायांवर डोकं ठेवत, मग लाथ लावत आणि झालं की पुन्हा डोकं ठेवत. एकदा त्यांचे शाळेतले म्हातारे मास्तर आले होते. लाथ लागली, मास्तर हसत उठले, पायांवर वाकलेल्या शिष्याला आशीर्वाद द्यायला खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

दाजींचे थोरले भाऊ पलटणीतून लढाईवर गेले होते त्या दिवसांत बांधावरून घसरून दाजींचाच घोटा मुरगळला आणि ते सांगलीच्या एका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर हौशी. त्यांनी भिंतीवरचं चित्र दाखवून सगळं समजावलं. हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट वाद्या वेगळ्या, मांस हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या वेगळ्या आणि सांध्यात हाडावर हाड घासू नये म्हणून असलेली गादी वेगळी. तोवर गावाप्रमाणे दाजीही या सगळ्याला शीर म्हणत आणि सुखात होते. आता त्यांना प्रश्न पडला की आपली लाथ यांतल्या नेमक्या कशाला लागते? साताऱ्याला आमच्या घरी आले असताना आईने मुद्दाम पायांचा रस्सा केला होता. दाजींनी ताटातला बकऱ्याचा पाय सुटा केला आणि एक पांढरी दोरी माझ्यापुढे धरली. "पावणं, ही बगा, मोटंच्या नाड्यावाणी. ही वादी. ही गादी. आता उसण भरती कशात?" आई पळी घेऊन उभी आणि रस्सा निवत चाललेला. शेवटी वडील म्हणाले, "जावईबापू, उसण ताटात भरत नाही. जेवून घ्या." त्यानंतर अंगणात येणाऱ्यालाही दाजी विचारू लागले, "वादी का दोरी?" तो बिचारा कण्हत म्हणायचा, "तुमी म्हणाल ती."

याहून मोठा घोळ घातला त्यांच्या आईने. पायाळू माणसावर वीज पडते म्हणतात. त्यामुळे आभाळ भरून आलं की दाजी घोंगडं घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसत. एका दुपारी म्हातारी शेंगा फोडता फोडता म्हणाली, "तू रं कशापायी लपतुयास? पायाळू थोरला हाय. तो ल्हानपनी लाथ लावायला रडायचा, मग दारात आलेल्या मानसाला माघारी कसं लावायचं? म्हणून तुला म्होरं केला." दाजी घोंगड्यातून बाहेर आले. "मग येवडी वर्सं मी हितं का बसलो?" दुसऱ्या दिवशी म्हातारी म्हणाली, "तूच असशील बाबा. त्या वक्ती मी सुदीत कुठं हुते?" आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

दाजी जेवेनासे झाले. दारात कुणी आलं की घोट्याचं निमित्त सांगत. आपण एवढी वर्षं लोकांना फसवलं की काय, हे त्यांना आतून खात होतं. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

लढाई संपली आणि थोरले भाऊ घरी आले. त्यांना भेटायला मीही गेलो होतो. गाडीतून ट्रंक उतरवताना त्यांच्याच पाठीत उसण भरली. आता खरे पायाळू ते असले, तरी स्वतःच्या पाठीला लाथ कशी लावणार? दाजींनी मला गोठ्याकडे नेलं. "दादा उठला तर मी पायाळू. न्हाई तर आजपासनं कुणाला दारात घ्यायचं न्हाई." मग ते भावाच्या पायांवर डोकं ठेवून कितीतरी वेळ तसेच राहिले. त्या दिवशी कुठला पाय, हे त्यांनी विचारलं नाही. उजवा लावला. थोरल्यांनी श्वास घेतला आणि कवायतीला उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. "गेली बग. लय ब्येस पाय हाय तुजा." दाजी अंगणातच बसले आणि सगळ्यांदेखत रडले.

थोरले पलटणीच्या कामाचं सांगून माझ्याबरोबर साताऱ्याला आले. मोटारीला धक्का बसला की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी त्यांच्या कमरेला रुंद पट्टा आवळला. "तुमच्या दाजीस्नी बोलू नगा," ते मला म्हणाले. मी विचारलं, "मग खरं पायाळू कोण?" "मला काय म्हाईत? मी बी तवा ल्हानच हुतो की."

पुढे थोरले वारले. दिवसकार्य उरकल्यावर दाजी माझ्याजवळ येऊन बसले. "दादाच्या सदऱ्याखाली पट्टा हुता, पावणं. साताऱ्यासनं आला त्याच दिशी मला दिसला."

"मग तुम्ही लाथ चालू कशी ठेवलीत?"

दाजींनी आपल्या उजव्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाले, "येवडी पाठ धरलेली असताना माजा भाव ताठ उबा ऱ्हायला. कशाच्या जोरावर ऱ्हायला, सांगा की. वादीच्या का दोरीच्या?"

दाजींना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा माझी पाठ धरली तेव्हा डॉक्टरांनी कुठलं काय आखडलं ते नीट समजावलं, गोळ्या दिल्या आणि मी मुकाट्याने त्या घेतल्या. पण खरं सांगायचं तर अंगणात पालथं पडावं आणि "कुठला लावू, पावणं?" असं कुणीतरी विचारावं, असं फार वाटलं.