पाणाडे मामा मेकाँगकाठी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांचं नाव दुसरं घेतो. पहिलं नाव पाणाडे मामांचं. त्यांचं खरं नाव मला माहीत आहे, पण गावात ते फक्त रेशन कार्डावर चालतं. जमिनीखाली पाणी कुठं आहे हे सांगणारा तो पाणाड्या, आणि भोकर तालुक्यातल्या निम्म्या लोकांचे ते मामा होते. माझ्या आईचेही मामा आणि माझेही मामाच.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. शेताच्या बांधावर पाय ठेवण्याआधी मामा चपला काढायचे, डावा डोळा मिटायचे आणि मान थोडी तिरकी करायचे. कुणी काही विचारलं तर म्हणायचे, "पायाला कळतंय. डोक्याला मधी आणू नका." मग तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचे. शेंडी पुढं, हात सरळ. कुठंतरी नारळ हळूहळू उभा राहायचा. तिथं टाच रोवून मामा म्हणायचे, "पाणी हाय." याच्यापुढं ते एक शब्द बोलत नसत. लोकच बोलायचे.

आमच्या कोरडवाहू रानात आधी दोन पाणाड्यांनी येऊन 'नाही' म्हणून मान हलवली होती. मामा आले आणि तीन दिवस फिरले. त्यांनी दाखवलेल्या जागी विहीर खोदली आणि पाणी लागलं. वडील त्यांच्या पाया पडायला गेले तर म्हणाले, "माझ्या पाया पडू नको. या पाण्यावर पोरगं शिकव. बैलजोडी घेतली तर मी परत येऊन विहीर बुजवीन." वडिलांनी ती धमकी खरी मानली. मी नांदेडला कॉलेजात गेलो. प्रवेशाच्या फॉर्मवर 'भूशास्त्र' हा विषय दिसला तेव्हा मला वाटलं, यात मामांचीच विद्या शिकवत असतील.

तसं काही शिकवत नव्हते. नारळाचा आणि पाण्याचा काही संबंध नाही, हे तिथं समजलं. मामांना मात्र मी ते कधी सांगितलं नाही.

पुढं मला लाओस देशात नोकरी मिळाली. थाखेक नावाच्या लहान शहराभोवतीच्या खेड्यांत शाळांसाठी बोअरच्या जागा शोधायच्या, हे माझं काम. गेल्या वर्षी सुट्टीत घरी आलो तर मामा ओसरीवर माझी वाट बघत बसलेले. हातात घडी घातलेला कोरा बाँड पेपर.

झालं होतं असं, की बिलोलीकडं त्यांच्या जावयाच्या शेतात मामांनी जागा दाखवली आणि बोअर कोरडा गेला. जावयाने चार माणसांत सासऱ्याला म्हटलं, "मामा, तुमचा नारळ आता चटणीला द्या." तेव्हापासून मामांनी कुणाच्याही रानात पाय ठेवला नव्हता.

"तू शिकला," मामा म्हणाले. "यावर लिहून दे, नारळाची पद्धत शास्त्राला धरून हाय म्हणून. सही कर, शिक्का मार. जावईबापूच्या तोंडावर टाकतो."

मी म्हटलं, "मामा, असं कसं लिहू? बघावं लागतं, तपासावं लागतं."

"मग तपास की. येतो मी तुझ्या गावाला. तू माझं बघ, मी तुझं बघतो. अन् मग लिही."

पासपोर्टच्या फोटोला मामा हातात नारळ घेऊन बसले. फोटोवाला म्हणाला, हे खाली ठेवा. मामा म्हणाले, "का बरं? तो बी येऊन राहिला ना संगं." हैदराबादच्या विमानतळावर मात्र तपासणीच्या पोराने नारळ काढून घेतला. मामांनी बरीच समजूत घातली, "औजार हाय माझं. सुताराची करवत काढून घेता का?" पोरगा म्हणाला, करवतही काढून घेतो. मामांना ते पटलं. जाताना त्याला एवढंच म्हणाले, "फोडू नका. सवय हाय त्याला उभं राहायची."

थाखेक हे मेकाँग नदीच्या काठी वसलेलं आहे. पलीकडं थायलंड. बाजाराचा दिवस सोडून भोकर जसं असतं, तसं ते रोजच असतं. रंग उडालेल्या जुन्या इमारती, सावलीला झोपलेली कुत्री, आणि पाठीमागं चुनखडीचे उभे काळपट डोंगर. लोक हात जोडून 'सबायदी' म्हणतात. मामा हात जोडून 'रामराम' म्हणायचे. दोन्ही बाजूंचं समाधान व्हायचं. प्रत्येक उंबऱ्याशी चपला काढायची तिथं रीत आहे. मामा तर रस्त्याच्या कडेलाही काढायचे. दोन दिवसांत सगळीकडं चर्चा झाली की भारतातून फार सभ्य गृहस्थ आले आहेत.

नारळ मिळवणं मात्र अवघड गेलं. बाजारातली बाई हिरवा नारळ उचलायची, मामा "अख्खा, अख्खा" म्हणेपर्यंत कोयत्याने टोपण उडवायची आणि नळी खुपसून हसत पुढं करायची. असे तीन झाले. बाईला वाईट वाटू नये म्हणून आम्ही तिन्ही प्यायलो. तिसरा तळहातावर ठेवून मामांनी बघितलं तर नळीच तेवढी फिरली. शेवटी आमचा ड्रायव्हर खामला त्याच्या घरच्या झाडाखालून वाळलेला नारळ घेऊन आला. मामांनी समोर बसून शेंडी राखून तो सोलून घेतला. खामला घामाघूम झाला, पण त्याला वाटलं हा काही धार्मिक मान आहे.

आणि मग नारळ जो उभा राहिला, तो खाली बसेचना. लॉजच्या अंगणात उभा. जिन्यात उभा. मामांच्या खाटेशी तर ताडकन उभा. "झऱ्यावर झोपलं की गुडघे धरतात," म्हणून आम्ही भर दुपारी खाट चार वेळा हलवली. लॉजची मालकीण दारात उभी राहून बघत होती. तिला वाटलं पाहुण्याला खोलीत भूत दिसतंय. तिने अंगणातल्या छोट्या देव्हाऱ्यात फुलं ठेवली आणि आम्हाला वरच्या मजल्यावर नेलं. तिथंही नारळ उभा.

"मामा, दोनशे पावलांवर मेकाँग आहे," मी म्हटलं. "इथं कुठंही खणा, पाणीच आहे."

मामा खाटेवर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मग इथं पाणाड्या काय करत असंल?"

"इथं पाणाड्या नसतो."

"अरारा," मामा म्हणाले. असा देश त्यांनी कल्पनेत आणला नव्हता.

डोंगराकडच्या खेड्यांत तसं नाही. तिथं पावसाळ्यानंतर पाणी खडकात निघून जातं. खांबांवर उभी लाकडी घरं, कापणी झालेली भातखाचरं, चिखल शोधत फिरणाऱ्या म्हशी. तिथल्या एका शाळेसाठी मला जागा ठरवायची होती. मामांना घेऊन गेलो. मी जमिनीत लोखंडी सळ्या ठोकल्या, वायर जोडल्या आणि वीज सोडून यंत्राचे आकडे घेऊ लागलो.

मामा उकिडवे बसून बघत होते. "चार काड्या लागतात तुला?"

"हो मामा."

"अन् ही वायर?"

"तीही लागते."

"मी एका नारळावर भागवतो," ते खामलाला म्हणाले. त्याला मराठीतलं अक्षरही कळत नव्हतं, पण तो माझ्याकडं बघून हसला.

मग मामा निघाले. चपला काढल्या, डावा डोळा मिटला, नारळ तळहातावर. मी यंत्रावरून मान वर करून बघितलं तर शाळेची सगळी पोरं चपला काढून, एकेक डोळा मिटून, तळहात पुढं करून त्यांच्यामागं रांगेत. कुणाच्या हातात पपई, कुणाच्या हातात दुसऱ्याची चप्पल. मास्तरही रांगेत होते. मामांनी मागे बघून फक्त एवढंच सांगितलं, "हात सरळ ठेवा रे," आणि ते न समजता सगळ्यांनी हात सरळ केले.

नारळ चिंचेजवळ उभा राहिला. माझ्या यंत्राने जागा दाखवली ती शाळेच्या मागे. अहवालात मी माझी जागा पहिली लिहिली. दुसरी जागा म्हणून चिंचेची लिहिली आणि कारणाच्या ओळीत 'प्रत्यक्ष पाहणी' असं टाकलं. खोटं काही लिहिलं नाही, एवढंच समाधान.

बोअरची गाडी आली. माझ्या जागी पांढरी भुकटी उडाली आणि शेवटपर्यंत भुकटीच उडत राहिली. मग गाडी चिंचेजवळ नेली. मामा भोकाशेजारी हात बांधून उभे. तिथंही भुकटीच. गाडी थांबली तेव्हा मामा टोपीपासून पायापर्यंत पांढरे झाले होते, गिरणीवाल्यासारखे.

आम्ही दोघं चिंचेच्या मुळीवर बसलो. मामांनी मूठभर भुकटी उचलून बोटांत चोळली.

"तुझं बी कोरडं?"

"हाव मामा."

"मग आता तू काय करणार?"

"अहवालात लिहिणार, पाणी लागलं नाही."

मामा माझ्याकडं वळले. "असं लिहिता येतं?"

"येतं की. त्याला रकाना असतो."

"अन् लोक? कुणी काही म्हणत न्हाई?"

"नाही. पुढच्या गावाला पाठवतात."

मामांनी टोपी काढून झटकली, परत घातली. "बरंय तुझं," ते म्हणाले.

तेवढ्यात गावातली एक म्हातारी पुढं आली. ती सकाळपासून काहीतरी सांगत होती आणि मी आकड्यांत असल्यामुळं लक्ष दिलं नव्हतं. आता तिने मामांचा हातच धरला आणि डोंगराकडं बोट दाखवलं. खामला म्हणाला, ही म्हणते, वर गुहा आहे, म्हशी उन्हाळ्यात तिथंच जातात.

गुहेत बॅटरी लावून गेलो. आत वळण घेतलं आणि आवाज आला. डोंगराच्या पोटात, अंधारात, कमरेएवढी खोल नदी वाहत होती. निळसर, स्वच्छ, स्वतःच्या नादात.

मामांनी चपला काढल्या. धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. दोन्ही डोळे उघडे होते.

"बगितलास?" ते म्हणाले. "जमिनीखाली झरा पळतो, हे मी पन्नास साल सांगून राहिलो. डोळ्यानं आज बगितलं."

"मामा, ही चुनखडी आहे. ती पाण्यात विरघळते म्हणून अशी नदी होते. आपल्याकडं काळा खडक, तिथं असं..."

"तू थोडा गप बस."

मामांनी तोंडावर पाणी मारलं. एकदा, परत एकदा. म्हातारी त्यांच्याकडं बघून मान हलवत होती, घरच्या माणसाकडं बघावं तशी.

बाहेर येताना मामा म्हणाले, "आता लिही बाँडवर."

मी म्हटलं, "लिहितो. सावकाश."

ते आणखी आठ दिवस राहिले. रोज सकाळी बाँड टेबलावर उघडून ठेवायचे, त्यावर पेन ठेवायचे आणि नदीकाठी फिरायला जायचे. मी पेन उचलून परत ठेवायचो. निघताना म्हणाले, "ठेवून चाललो. घाई न्हाई. पण लिही."

मग महिने गेले. फोनवर मामा हवापाणी विचारायचे, बाँडचं नाव काढायचे नाहीत. आईने मात्र सांगितलं, की ते अजून कुणाच्या रानात जात नाहीत. कुणी बोलवायला आलं तर म्हणतात, "लाओसहून कागद येऊ द्या." एका रविवारी मी टेबलाशी बसलो आणि पुढचं पत्र लिहून पाठवलं.

*

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार.

हे बाँडवरच लिहितो आहे, म्हणजे मला नंतर फिरता येणार नाही. माझ्या ताईकडून वाचून घ्या. जावईबापूंना आधी देऊ नका.

नारळाला पाणी कळत नाही, मामा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सरांनी ते सांगितलं तेव्हा वर्ग हसला, आणि मीही हसलो. घरी आलो की तुमच्यासमोर मान खाली घालायचो, ती लाजेने. तुम्हाला वाटायचं संस्कार आहेत. याची माफी मागतो.

पायाला कळतं का, हे मला ठरवता येत नाही. आमच्या रानात तुम्ही तीन दिवस फिरलात. चैत्रात हिरवं कुठं टिकतं, वारुळं कुठं आहेत, हे आईला विचारलंत. नारळ तिसऱ्या दिवशी काढलात. जागा तुम्ही आधीच धरली होती, असं मला वाटतं. मी चुकत असेन तर सांगा. इथं तुम्हाला कुणाला काही विचारता आलं नाही, भाषा नव्हती. ज्या म्हातारीला सगळं माहीत होतं तिला विचारायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. त्या गुहेतलं पाणी आता नळाने शाळेत येतं.

जावईबापूंच्या शेताचा नकाशा मी मागवून पाहिला. तिथं खाली अखंड खडक आहे, त्यात फट नाही. माझं यंत्र नेलं असतं तरी बोअर कोरडाच गेला असता. तुम्ही तिथं 'नाही' म्हणायला हवं होतं. पण मुलीच्या दारात, सगळं घर हात जोडून उभं असताना, तुम्हाला नाही म्हणू कोण देणार होतं? मला त्यासाठी छापील रकाना आहे. तुम्हाला पन्नास वर्षांत कुणी दिला नाही.

म्हणून तुम्ही मागितलेला दाखला मी देऊ शकत नाही, दुसरा देतो:

'लिहून देतो की, या गृहस्थांनी एखाद्या रानात फिरून "इथं पाणी न्हाई" असं सांगितल्यास ते पूर्ण उत्तर समजावे. त्यांना चहा द्यावा आणि पुढच्या गावाला पोहोचवावे.'

खाली माझी सही आहे आणि कार्यालयाचा शिक्का मारला आहे. शिक्का लाओ भाषेत आहे. तिकडं तो कुणालाच वाचता येणार नाही, त्यामुळं वादही कुणी घालणार नाही.

आपला,
तुमच्या पाण्यावर शिकलेला