तरवडाचं बी

२०२२ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. कंधारजवळच्या आमच्या गावाचा माळ त्या वर्षी मशिनीनं सपाट झाला, प्लॉट पडले. माळावरचा तरवड गेला. आमच्याकडं नवरात्रात घटावर तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ चढते. त्या साली बायकोनं झेंडूची चढवली, तर जावा हसल्या. मी सगळ्यांदेखत बोलून गेलो, "दोन सालांत माझ्या बांधावरचा तरवड घटावर चढंल."

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तरवड कुणी पेरतं का? ते रानच हाय."

"मी पेरतो."

हिवाळ्यात मुदखेडच्या रस्त्याकडच्या वाळल्या शेंगा तोडून आणल्या. मृगात बी शेणकाल्यात घोळलं, राख लावली अन् बांधावर टोचलं; उरलेलं डब्यात ठेवलं. सरकी आम्ही अशीच पेरायचो, अन् त्यात माझी चूक गावात कुणी काढलेली नाही. दीड महिना गेला. पावसानं ओढ दिली म्हणून रोज बादलीनं पाणी घातलं, तरी एक कोंब नाही. फूल धरायला झाडाला वर्ष लागतं. यंदा उगवलं नाही तर माझा शब्द गेला.

"दादा, माळ कवा ओवायची?" भाऊ येता-जाता विचारायचा.

बायको म्हणाली, "आवो, लई टणक कवच हाय त्याचं. गाडीवाटंला तरवड का दाट उगतो? चाकाखाली बी रगडतं म्हणून. विटंवर वाळू टाकून घासा जरा."

"बी घासून मारायचं असतं का? चौथीच शिकलो मी, पण शेती मला शिकवू नको."

"न्हाई शिकवत," म्हणाली अन् आत गेली.

आठ-दहा दिवसांनी बांधाच्या टोकाला लिंबाजवळ गेलो. तिथं मी काही पेरलं नव्हतं, पण तरवडाची पंधरा-सोळा रोपं ओळीनं उभी होती. घरी आलो. ती ज्वारी निवडत होती.

"लिंबाजवळ तरवड कुणी लावला?"

"मी. डब्यातलं मूठभर घेतलं व्हतं."

"घासून?"

"मग काय आरती करून?"

मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीट अन् वाळू घेऊन ओसरीवर बसलो, डब्यातलं उरलेलं बी घासायला लागलो. ती चहा ठेवून उभी राहिली. म्हणाली, "हळू. आतलं पांढरं दिसू देऊ नका."

मी हात हळू केला.