आर्डिसची शेवटची तारीख

आर्डिस टॉलेफसनने नॉर्डालच्या रेडिओवरून चौतीस वर्षं गावातल्या मरणाच्या बातम्या वाचल्या. सकाळी आठ दहाला आधी ऑर्गनचे आठ सेकंद सूर आणि मग तिचा आवाज. कोण गेलं, माघारी कोण कोण आहे, प्रार्थना कुठल्या चर्चमध्ये, किती वाजता. बाकी दिवसभर काहीही वाजो, त्या पाच मिनिटांना उत्तर डाकोटातल्या आमच्या भागातली माणसं गोठ्यातलं दूध काढणंसुद्धा थांबवतात.

तिचे स्वतःचे काही नियम होते. नावाचा उच्चार घरच्यांना विचारल्याशिवाय करायचा नाही. "दुःखद" हा शब्द वापरायचा नाही, कारण ते सगळ्यांना माहीतच असतं. आणि प्रार्थनेच्या दिवसानंतर ते नाव पुन्हा हवेत जाता कामा नये. बायको कपाटं आवरायला लागलेली असताना रेडिओ नवऱ्याच्या प्रार्थनेचं आमंत्रण देत बसला, तर तिनं काय करावं? म्हणून प्रत्येक घोषणेपुढे ती शेवटची तारीख घालायची, प्रार्थनेच्याच दिवसाची. आधी कागदावर, मग जुन्या कॉम्प्युटरवर. तिथे त्या तारखेची मध्यरात्र उलटली की घोषणा आपोआप गळून पडायची.

गेल्या ऑक्टोबरात मालक लाइलनं गाणी, जाहिराती, घोषणा ओळीनं आपोआप वाजवणारं नवं सॉफ्टवेअर आणलं, आणि त्याच्याबरोबर फार्गोहून ब्रेना शाट्झला. वय एकोणतीस. ब्रेना आली आणि आर्डिसचं अन्न गोड लागेना.

कारणं तरी किती सांगावीत! ब्रेना कॉफी करायची ती लाइल दुसऱ्यांदा मागून घ्यायचा. हवामान ब्रेना वाचायची, तर बँकेतली बाई आर्डिसला विचारायची, "ती नवी मुलगी कोण गं? कान तृप्त होतात अगदी." यावर कडी म्हणजे ॲरिझोनात राहणाऱ्या पोटच्या मुलीचा, कारीचा, तीन आठवड्यांनी फोन आला आणि ती म्हणाली, "आई, मी हल्ली इंटरनेटवर तुमचा रेडिओ ऐकते. ती ब्रेना छान बोलते ना?"

"आणि माझं ऐकतेस का?"

"तुझं काय ऐकायचं आई? लोक मेलेले असतात."

कारी हसली, आर्डिसही हसली. फोन ठेवल्यावर तिनं स्वच्छ असलेली शेगडी पुन्हा घासली.

नोव्हेंबरात पहिल्यांदा घोटाळा झाला. ऑर्गन वाजला आणि घोषणेऐवजी थेट गुरांच्या खाद्याची जाहिरात. डिसेंबरात पुन्हा तेच. ब्रेनानं तारा पाहिल्या, फाइल हातानं वाजवून पाहिली. सुरेख वाजली. मग ती आर्डिसच्या टेबलाशी आली.

"आर्डिस, शेवटच्या तारखेपुढे वेळेची पण एक चौकट आहे. तीही भरत जाल का?"

"तुझ्या जन्माआधीपासून तारखा घालतेय मी, पोरी."

"हो, पण या नव्यात..."

"तुझी हवामानाची वेळ झाली वाटतं."

ब्रेना गेली. आर्डिसला मात्र एकच दिसत होतं, की ब्रेनाचं काही कधी अडत नाही, अडतं ते नेमकं आपलंच. हे आपोआप होतंय होय? लाइलनंही डिसेंबरात बजावलं होतं, "पुन्हा झालं तर घोषणा ब्रेनाकडे देईन. लोक मला रस्त्यात अडवतात गं."

जानेवारीत ऑर्व्हिल क्वामे गेला. प्रार्थना शुक्रवारी दोनला ठरली होती, तसं रेडिओवर सांगूनही झालं होतं, पण दुपारी बर्फाचं वादळ येणार म्हणून ती सकाळी अकरावर आणली. गुरुवारी संध्याकाळी ब्रेना घरी गेल्यावर आर्डिसनं नवी घोषणा भरली, शुक्रवारची तारीख घातली आणि दिवा मालवला.

शुक्रवारी सकाळी ती चर्चच्या तळघरात बायकांबरोबर पावांना लोणी लावत होती. दीडशे माणसांचं जेवण होतं, हॅम घातलेले पाव आणि लिंबाच्या वड्या. आठ दहाला खिडकीतल्या रेडिओवर ऑर्गन वाजला आणि पाठोपाठ गुरांचं खाद्य.

सगळ्या सुऱ्या थांबल्या.

"आर्डिस," कुणीतरी म्हणालं, "आता गं?"

तिनं लाइलला फोन लावला. बंद. ब्रेनाचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. अंगठा त्या नावावर गेलाही. दहा दहाला घोषणा परत लागते, तेव्हा वाजेल, असं म्हणून तिनं फोन ॲप्रनच्या खिशात टाकला. मदत कुणाचीही मागितली असती तिनं, या मुलीची नाही.

दहा दहालाही खाद्यच वाजलं. मग दोन मिनिटांत ब्रेनाचा धापा टाकणारा आवाज आला. ती स्वतः माइकवर बसून ऑर्व्हिलची वेळ वाचत होती. पण चाळीस मैलांवरची माणसं अकराला कशी पोचणार? प्रार्थनेला एकोणीस जण होते. दोनच्या हिशेबानं निघालेल्या गाड्या कुलूपबंद दारावरून वादळात परत फिरल्या. ऑर्व्हिलची बायको डेलोरेस ताटांच्या चळतीकडे बघून एवढंच म्हणाली, "त्याला वाटायचं, आपल्याला बरीच माणसं ओळखतात."

लाइलचा फोन आला, सोमवारी बसू. आर्डिसनं त्याला सांगून टाकलं, "यंत्र तिचं आहे. ज्याचं यंत्र त्याला विचार." "बघतो," लाइल म्हणाला. "यंत्र चालत नसेल, तर तिला ठेवून तरी काय करू?"

रविवारी रस्ता साफ झाल्याबरोबर आर्डिस स्टेशनवर गेली. तिला पुरावा हवा होता. कोणी काय बदललं याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं आपल्या घोषणांची यादी उघडली आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेली. बदल, ब्रेना. बदल, ब्रेना. अकरा घोषणांना त्या मुलीनं हात लावला होता.

"सापडलीस!" आर्डिस मोठ्यानं म्हणाली.

मग चष्मा पुसून तिनं बदल काय आहे ते वाचलं. अकराही ठिकाणी एकच होता. शेवटच्या तारखेपुढच्या रिकाम्या चौकटीत ब्रेनानं रात्रीचे अकरा एकोणसाठ घातले होते. त्या अकराही घोषणा वाजल्या होत्या. वाजल्या नाहीत त्या तीन, हात न लागलेल्या. प्रत्येक वेळी ऐन प्रार्थनेच्या दिवशी. ऑर्व्हिलच्या ओळीपुढे लिहिलं होतं: मुदत संपली, शुक्रवार, ००:००.

चौकट रिकामी ठेवली, की हे नवं यंत्र ती तारीख उजाडायच्या आतच घोषणा काढून टाकत होतं. आर्डिस बर्फ वितळून बुटांखाली थारोळं होईपर्यंत तशीच बसून राहिली. तिला राग आला तो याचा, की त्या मुलीत खोट काढायला आता जागाच उरली नव्हती.

सोमवारी लाइलनं घसा साफ केला. "ब्रेना, मला वाटतं की..."

"थांब लाइल," आर्डिस म्हणाली. "तारीख माझी होती. तिन्ही वेळा. हिनं सांगितलेलं मी ऐकलं नाही. आणि शुक्रवारी आठ दहाला हिला फोन करायचा, तोही मी केला नाही."

"का?"

"करवला नाही."

लाइलनं ब्रेनाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं, तर मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं." ब्रेनानं कप फिरवला. "तसं फार बोलणं चालू होतं असं नाही म्हणा. पण ऑर्व्हिलची मी घरून बघायला हवी होती. राहिली."

आठ दहाची पाच मिनिटं लाइलनं ब्रेनाला दिली. आर्डिसनं हुज्जत घातली नाही. दुपारी ती डेलोरेसकडे गेली आणि दारातच सगळं सांगितलं. डेलोरेसनं तिला आत बोलावलं नाही. पण दारही लगेच लावलं नाही.

मंगळवारी गावात आणखी एक म्हातारी गेली. ब्रेना कागद घेऊन आली. "आर्डिस, घरच्यांना फोन तुम्हीच कराल? मला रडणाऱ्या माणसांशी बोलता येत नाही. मीच रडते."

आर्डिसनं फोन केला. नाव कसं म्हणायचं, नातवंडं कोण कोण, सगळं नीट लिहून दिलं. स्टुडिओच्या काचेपलीकडे ब्रेनानं वाचलं. चांगलं वाचलं. फारच चांगलं वाचलं.

ब्रेना जेवायला गेल्यावर आर्डिसनं हळूच यादी उघडून शेवटची तारीख पाहिली. पुढे वेळ होती, रात्रीचे अकरा एकोणसाठ. बाई थोडा वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली, कुठे एखादी तरी चूक सापडते का म्हणून.