तिसरी हाक

रानात कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. तिसरी आली तरच तो माणूस. आमच्या आईनं हे मला आणि धाकट्या बहिणीला शेताच्या धुऱ्यावर शिकवलं होतं. मी अमरावतीत क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो, असल्या गोष्टी मानत नाही. त्या दिवशी मात्र मानली. सोयीची होती म्हणून मानली, हे आज सांगून टाकतो.

शर्यत अशी होती: अकोटहून नरनाळ्याच्या पायथ्यापर्यंत सायकलनं जायचं, तिथं सायकल टाकून डोंगर पळत चढायचा, किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत. माझं नाव मला न विचारताच जवाईंनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, घातलं. त्यांचं अकोल्यात जठारपेठेत सायकलचं दुकान आहे. सायकलवर ते मला कधीच सापडले नाहीत.

"पोट पुढं अन् तुमी मांगं, असं किती दिवस चालन, दादा?" निघण्याआधी ते म्हणाले.

"आलो, आलो."

"हे तुमचं पुन्याचं आलो-आलो. म्हनता आलो, अन् मानूस घरीच. आमी म्हनतो, येऊन राह्यलो. म्हंजे निदान रस्त्यात तरी हाय."

पुण्यात शिकायला गेलो आणि माझी वऱ्हाडी तिथंच राहिली, यावर त्यांचा नेहमीचा टोमणा. बहीण हसली आणि दोघांना म्हणाली, "संगं जा, संगं या."

पाऊस रात्रीपासूनच लागून होता. अकोट सोडल्यावर रस्त्यावर काळ्या मातीचा थर आला आणि चाकं जड झाली. शेवटच्या गावाजवळ जवाई काडीनं ब्रेकमधला चिखल खरवडत उभे दिसले. "व्हा पुढं, धरतोच तुमाले," असं ते म्हणाले. मी पुढे झालो. आयुष्यात पहिल्यांदा.

डोंगरावर ढग उतरले होते. माझ्यापुढे लाल सदऱ्यातला एक स्पर्धक होता, तो एका वळणावर पुसून टाकल्यासारखा गेला. सागाच्या पानांवरून पाणी पडत होतं, पण त्याचा आवाज पावसासारखा नव्हता. कोणीतरी हळूहळू पावलं टाकत बरोबर येतंय, असा होता. मी थांबलो की तो थांबायचा नाही.

तेव्हा खालून हाक आली. "दादा."

आवाज जवाईंचाच. पण धुक्यात तो खालून निघून कानाशीच आल्यासारखा वाटला. अंगावर काटा आला. मी उभा राहिलो.

"दादा."

मी तिसरीची वाट पाहिली. पाणी ठिबकत होतं. तिसरी आली नाही. आणि मला बरं वाटलं. भीती गेली म्हणून नव्हे. आता मागं वळायला नको, म्हणून. मी पळत सुटलो.

वर दरवाज्यात कोणी विचारलं, "तुमचे सोबती?" "येत असतील मागून," मी म्हणालो आणि चहा घेतला.

दुपारी एका गुराख्याला ते सापडले. दोन वळणांमधल्या पायवाटेवरून घसरले होते. खुब्याचं हाड मोडलेलं, एका मुळीला धरून कड्याच्या काठावर पडलेले. अकोल्याच्या दवाखान्यात ते शुद्धीत आल्यावर बहिणीला म्हणाले, "दादानं वरून ओ देल्ली म्हून वाचलो. दोन हाका मारल्या, तिसरी मारायच्या आंधी ओ आली. मंग म्या हाललोच नाही. हाललो असतो तं खाली गेलो असतो."

बहीण माझ्या पाया पडली.

'नाही' म्हणून नुसती मान हलवायची होती, तीही मी हलवली नाही. तेव्हापासून त्यांच्या घरी पातोडीचा रस्सा आधी माझ्या ताटात पडतो, आणि प्रत्येक पाहुण्याला 'ओ'ची गोष्ट सांगितली जाते. जवाई लंगडत फिरतात. आणि इकडे अमरावतीत तोंड धुताना, शिकवताना फळ्याकडे तोंड असलं की, मागून हाक येते. दोनदाच. त्या डोंगरावर आमच्या दोघांच्या मध्ये कोणी नव्हतं, हे मला माहीत आहे. लाल सदरा केव्हाच पुढे गेला होता.

गेल्या महिन्यात दुकानात गेलो. जवाई पाय लांब करून स्टुलावर बसले होते, एका चाकाचा बाक काढत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. "मी ओ दिली नव्हती. तुमच्या दोन्ही हाका ऐकल्या. तिसरी आली नाही, याचा मला आनंद झाला."

त्यांनी चाक फिरवलं. ते थांबेपर्यंत त्याच्याकडेच पाहत राहिले.

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "तुमी आलो-आलो म्हनता. ओ देनारा म्हनला, येऊन राह्यलो."

"कोण?"

"ते मले का माहीत."

"मग तिला का नाही सांगितलं इतके दिवस?"

"सांगतलं असतं तं तिनं पुसलं असतं, मंग दादा कुठं होते. ते म्या काहून सांगाव? ते तुमचं हाय."

दुकानामागंच घर. आतून चहाच्या कपांचा आवाज आला आणि मग बहिणीची हाक. "दादा."

जवाईंनी चाक खाली ठेवलं. ते माझ्याकडे पाहत होते, मी काय करतो ते. पहिलीच हाक होती. आता आत गेलो तर तिला सगळं सांगावं लागणार होतं.

"ओ," मी म्हणालो. "येऊन राह्यलो."

हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, ठाऊक नाही. जवाईंचा चेहरा पांढरा पडला. ते मान तिरपी करून ऐकत राहिले, तो आवाज आधी कुठं ऐकलाय हे आठवत असल्यासारखे. मी चपला काढल्या आणि आत गेलो.