दांडी पुढंच होती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, चर्चच्या पाळकांना नाही. रोज प्रार्थनेला गुडघे टेकले तेव्हा देवालासुद्धा आडवळणानंच— "माझ्या चुकांची क्षमा कर" असं घाऊक. घाऊक कबुली सोपी असते, नाही का? आज मात्र उलगडून सांगायचं ठरवलंय. मध्येच उठून चहा टाकायला जाईन, पण परत येऊन बसेन. सांगणार म्हणजे सांगणार.

तुम्ही शिरूरकडचे असाल तर मला ओळखतही असाल. मिशनच्या दवाखान्यातली नर्स मार्थाबाई— तीच, मोटार चालवणारी. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, आमच्या भागात मोटार चालवणारी बाई कुणी पाहिली नव्हती. कवठे येमाईला कुणाचं बाळंतपण करायला गेले की धनगरांच्या म्हाताऱ्या आधी गाडीभोवती फेरी मारत, मग मला निरखत. "बाई, तुमी सोता हाकता व्हय?" मला तो 'हाकता' फार आवडायचा. आणि लोक म्हणायचे, बाई जपून चालवतात हो, उगाच घाई नाही. हे ऐकलं की मी मान खाली घालायची. त्यांना वाटायचं, विनय. विनय कसला?

गाडी मूळची मिशनच्या मडमबाईंची. मायदेशी परतताना त्या ती माझ्या यजमानांच्या स्वाधीन करून गेल्या. यजमान मिशनच्या शाळेत मास्तर; सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे, मीही तेच म्हणे. गाडी जुनीपुराणी, कापडी टपाची, पुढून हँडल मारून सुरू होणारी. पण मास्तरांनी ती जपली. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू द्यायचे नाहीत. नदीचा उतार गिअरमध्येच उतरायचे. पेट्रोल वाचवायला गाडी सुटी सोडणाऱ्याला तोंडावर मूर्ख म्हणायचे. बोलका माणूस, हटवादी, आणि स्वतःच्या शिस्तीवर भलताच खूश. मी त्यांची थट्टा करायची.

त्या गाडीला स्टिअरिंगपाशी एक बारीक दांडी होती, ठिणगीची. इंजिन सुरू करताना ती मागं ओढायची, सुरू झालं की पुढं सारायची. ती पुढं राहिली आणि कुणी हँडल मारलं, तर इंजिन उलटा हिसका देतं आणि हँडल माणसाच्या हातावर येतं. म्हणून आणखी एक नियम— हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, वरून वळवायचा नाही. म्हणजे हिसका बसलाच तर हँडल हातातून सुटतं, निदान जोर कमी लागतो. मास्तरांनी या सगळ्याची उपासनाच करून टाकली होती. ते बॉनेटपुढं उभे राहून विचारणार, मी सीटवरून उत्तर देणार. "ब्रेक?" "ओढला." "गिअर?" "सुटा." "दांडी?" "मागं." देवळात पाळक एक ओळ म्हणतात आणि मंडळी पुढची म्हणते ना, अगदी तसं. आणि लहानपणापासून देवळात उत्तरं देत आलेल्या माणसाचं कसं असतं, ते आमच्यातल्या कुणालाही विचारा— ओठ आपोआप हलतात, मन कुठंही असू शकतं.

त्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या औषधांच्या पेट्या आणायला दौंड स्टेशनावर गेलो होतो. मी तेव्हा नुकतीच शिकत होते. गावात शिरताना हट्टानं चाक मी हातात घेतलं— लोकांनी बघावं म्हणून, दुसरं काय? आणि स्टेशनाबाहेर, नेमकी टांग्यांच्या रांगेपुढं, गाडी बंद पाडली. टांगेवाले हसले. एकजण म्हणाला, "आवं मास्तर, त्यापरीस घोडं जुपा की." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मास्तर मात्र हसत उतरले, हँडल लावलं आणि विचारायला लागले. ब्रेक मी ओढला होता. गिअर सुटा केला होता. "दांडी?"— मी त्या टांगेवाल्याकडं बघत होते, त्याला काय सुनवावं ते मनात जुळवत होते— आणि म्हणाले, "मागं."

दांडी पुढंच होती. गाडी चालताना सारली होती तशीच.

हँडल उलटं आलं. मनगट मोडल्याचा आवाज मला सीटवर ऐकू आला.

इथपर्यंत चूक म्हणा. चूक कुणाच्याही हातून होते. पण पुढचं? लोक धावले, आणि मी खाली उतरायच्या आधी दांडी मागं ओढली. हळूच. मी नर्स— आणि जखमी नवऱ्याकडं धावायचं सोडून आधी माझी चूक झाकली. कुणीतरी म्हणालं, "बाईनंच काय तरी केलं आसंल." तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मास्तर, अंगठा वरून धरलात ना तुम्ही." ते वेदनेनं पांढरे पडले होते. माझ्याकडं बघत राहिले, मग त्यांनी मान डोलावली. त्यांना वाटलं असणार, मार्था म्हणते तर धरला असेल.

हाड जुळलं, पण वाकडं. त्यांचं फळ्यावरचं अक्षर बघायला लोक वर्गात डोकावायचे. नंतर खडू हातात ठरेना. आणि गाडीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. ज्याला स्वतःच्या अंगठ्याचा भरवसा नाही, त्यानं दुसऱ्याचा जीव गाडीत घेऊ नये, असं म्हणायचे. गाडी माझ्याकडं आली. मला ती हवीच होती, हेही आता लपवत नाही.

पुढच्या एका रविवारी, हात गळ्यात अडकवलेला असताना, मास्तर देवळात साक्ष द्यायला उभे राहिले. म्हणाले, दुसऱ्यांना शिस्त शिकवता शिकवता मला गर्व झाला होता. माझ्या बेपर्वाईची शिक्षा मला मिळाली. मंडळी "आमेन" म्हणाली. मी बायकांच्या बाजूला अगदी पुढं बसले होते. मीही म्हणाले.

मग मी सुधारले. करून करून भागले आणि देवपूजेला लागले. डोळ्यांनी बघून, हात लावून, मगच हँडलकडं जायची. मिशननं नवा ड्रायव्हर नेमला तेव्हा त्याला बजावलं, उत्तर तोंडानं द्यायचं नाही, हातानं द्यायचं. ते वाक्य लोकांनी उचललं. बाईंचा नियम म्हणून दौंडपर्यंत सांगायचे. मास्तरसुद्धा कौतुकानं सांगायचे. तुमच्या लक्षात येतंय ना मला काय वाटत असेल?

गेल्या थंडीत मास्तर आजारी पडले. दुपारी उन्हात खाट टाकली होती, मी त्यांच्या त्या मनगटाला तेल चोळत होते. म्हणाले, "मार्था, एक विचारू? अंगठा खरंच वरून होता का गं? मला सारखं वाटतं, नव्हता."

म्हणजे इतकी वर्षं ते हे मनात घेऊन होते. देवळात सगळ्यांपुढं कबूल करूनही त्यांना आतून पटलेलं नव्हतं. आणि त्या दुपारी हसायला टांगेवाले नव्हते, जमाव नव्हता, गाडी तर कधीच भंगारात गेली होती. आम्ही दोघंच. मला एक शब्द बोलायचा होता. मी म्हणाले, "होता."

"बरं," म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. तो महिना त्यांनी काढला नाही.

येत्या रविवारी मी उभी राहणार आहे, ते उभे राहिले होते त्याच जागी. पाळकांना तसं सांगून आले, कशाबद्दल ते सांगितलं नाही. माझं वय लहान होतं, लोक हसले होते, यातलं काही बोलणार नाही. मास्तरांचा अंगठा जिथं असायला हवा तिथंच होता. त्यांनी दांडी विचारली होती. मी बघितलं नव्हतं, आणि त्यांच्यावर ढकललं. दौंडला ढकललं तेव्हा मी घाबरले होते. खाटेपाशी ढकललं तेव्हा त्यांचा हात माझ्या हातात होता.