फर्स्ट इयरची चढण

पोरींच्या खोल्या झाडायला घेतल्या की कॉटखालून केसांचे गुंते, तुटके क्लिप, एका पायाचा मोजा असं काय काय निघतं. ते मी टाकून देते. पण त्याबरोबर किस्सेही निघतात, ते मात्र टाकवत नाहीत. भोरमध्ये आमच्या घरामागं खोल्या आहेत, त्यात वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या पोरी कॉलेजसाठी राहतात. जेवायला माझ्याकडंच. आता माझ्या डोक्यात किस्से ठेवायला जागा उरलेली नाही!

जून आला की आईबाप बारावी झालेल्या पोरीला घेऊन दारात उभे. आणि हमखास विचारणार, "काकी, फर्स्ट इयरला काय तयारी लागती?" मी स्वतः चौथी पास. मी काय सल्ला देणार, कप्पाळ? मी त्यांना बसवते, चहा देते आणि वैशालीचे किस्से सांगते. घेणाऱ्यानं घ्यावं.

* * *

वैशाली पालीची. गडाच्या पायथ्यालाच घर. आली ती बापाबरोबर, एसटीनं. बापाच्या खांद्यावर तांदळाचं पोतं. हिच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात काठी. चांगली तिच्या खांद्यापर्यंत येणारी, बांबूची!

स्नेहल तेव्हा थर्ड इयरला. खोल्यांची दादा तीच. तिनं काठीकडं बघितलं आणि कंबरेवर हात ठेवला.

"ही कशाला गं?"

"पावसात लागती की. शेवाळ असतंय, जनावर असतंय."

"अगं, कॉलेजात कुठलं आलंय जनावर?"

"मग तुमी बिनकाठीच्या जाता व्हय?"

हसून हसून आमचं पोट दुखलं. पोरगी मान खाली घालून उभी. तेवढ्यात तिचे वडील, आबा, म्हणाले, "दे ती हिकडं. मी नेतो परत. दिवाळीला तर तुला घरी न्यायचीच हाय."

मी कान टवकारले. "न्यायची म्हणजे सुट्टीला ना?"

"न्हाई ताई, कायमची. हिच्या चुलत्यानं स्थळ आणलंय. ही ऐकंना, शिकायचं म्हणती. म्हटलं दिवाळीपत्तोर बघ जाऊन, आपसूक कंटाळशील. स्थळ थांबलंय."

"थांबलंय म्हणजे? एसटी हाय का स्टँडला लागलेली?"

आबा काही हसले नाहीत. काठी घेतली आणि ती टेकत टेकत स्टँडकडं निघून गेले. पोरगी दारात तशीच.

तेव्हापासून मी सांगते, सामान काय वाट्टेल ते आणा. लोक पहिल्या दिवशी हसतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. आपल्याला विसरायला जरा जास्त दिवस लागतात, एवढंच.

* * *

पहिला आठवडा ती रडली. सगळ्याच रडतात, पण ही उशीत तोंड खुपसून, आवाज न करता. ते बघवत नाही. घळाघळा रडणारी बरी!

स्नेहलनं तिला हाताला धरून मोरीवर आणलं. "हे बघ, रडायचं तर टाइम लावून रडायचं. सकाळी नळाला पाणी येतं, तेव्हा भांडी घासायला बस आणि रड. पाणी गेलं की बंद! दिवसभर तेच करत बसलीस तर अभ्यास कधी करणार?"

वैशालीनं ते अगदी मनावर घेतलं. नळ आला की ही मोरीवर हजर. माझ्या जुन्या पातेल्यांची बुडं, जी लग्नापासून काळी होती, ती आरशासारखी झाली!

मग एका सकाळी भांडी तशीच पडलेली. मी खोलीत डोकावले, तर बया पुस्तक घेऊन बसलेली.

"का गं, आज भांडी?"

"आज रडू आलं न्हाई, काकी."

पातेली पुन्हा काळी झाली. मी हू की चू केलं नाही.

* * *

हिची ॲडमिशन सायन्सला. संध्याकाळी मी सहज विचारलं, "काय शिकवलं गं आज?" तर म्हणे, "जमाखर्च."

स्नेहलनं भाकरी खाली ठेवली. "सायन्सला जमाखर्च?"

मग हळूहळू बाहेर आलं. बाई चुकून कॉमर्सच्या वर्गात जाऊन बसल्या होत्या. बरं, पहिल्या तासालाच कळलं होतं की वर्ग चुकलाय. तरी दिवसभर तिथंच!

"अगं, मग उठायचं की!"

"सगळी बसल्याली असताना मधीच कसं उठायचं, काकी? पंगतीतनं कुणी उठतं व्हय?"

आता ह्याला काय म्हणावं! आमच्याकडं शेवटच्या माणसाचं ताक होईपर्यंत कुणी पानावरनं हलत नाही, हे खरं. माझ्या हातावर घास वाळतो पण मी उठत नाही. पण कॉलेज म्हणजे काय पंगत आहे?

मी ओरडले, "चुकीच्या पानावर बसलीस तर ताट सोडून उठायचं! लोक बघतात तर बघू देत! आणि एवढं बसलीस ते कळलं तरी काय?"

"कळलं काय न्हाई," ती म्हणाली, "पण सर लई जीव तोडून शिकवत होते. उठले असते तर त्यांना वाईट वाटलं असतं."

* * *

पालीत त्यांच्या घरात मोबाईलला रेंज नाही. आबा देवळामागच्या दगडावर चढून फोन करायचे आणि रेंज कमी म्हणून ओरडून बोलायचे. त्यामुळं त्यांचा निरोप पोरीच्या आधी सगळ्या गावाला कळायचा.

"वैशेऽऽ, कंटाळलीस का न्हाई? स्थळ थांबलंय!"

दर फोनला तेच. पोरगी "व्हय, न्हाई" करायची आणि फोन ठेवल्यावर तिची जेवायची वासना जायची. एकदा मी फोन हिसकावून घेतला.

"आबा, स्थळ एवढं थांबलंय तर त्याला बसायला पाट द्या, पाणी द्या! उभं किती ठेवायचं?"

तिकडनं गावातलं कुणीतरी खो खो हसलेलं मला इथं भोरात ऐकू आलं. त्यानंतर आबांनी फोनवर स्थळाचं नाव काढलं नाही. पण दिवाळीचं काढायचेच.

* * *

नवरात्रातल्या एका रविवारी आमच्या ह्यांचा टेम्पो रिकामा होता. म्हटलं, चला पोरींनो, वैशालीचं घर बघू. खरं तर मला आबांचं मन चाचपायचं होतं.

कापूरहोळवरनं फिरून पालीला पोचलो तर अंगणात ही गर्दी! पुण्याची पोरं, बूट-टोप्या घालून गड चढायला आलेली. वैशालीची आई पिठलं-भाकरी करणार, आबा ताक देणार. दाराशी काठ्यांचा भारा लावलेला. ज्याचं वय झालंय, ज्याचा पाय घसरतोय, त्याच्या हातात आबा काठी द्यायचे. फुकट. आणि प्रत्येकाला तेच वाक्य, "घेऊन जा वर. उतरताना द्या परत."

तेवढ्यात एक टोळकं स्पीकर लावून आलं. कानठळ्या बसवणारं गाणं! आणि आमची वैशाली, कॉलेजात जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता ती, चुलीपुढनं उठली.

"ए! बंद कर तो डबा! वर कड्याला आग्या मव्हाळ हाय. उठलं तर तुला बी खाईल आणि तुझ्या मागच्याला बी! मागचा काय बिचारा नाचत न्हाई!"

स्पीकर बंद. सगळी टोळी "सॉरी ताई, सॉरी ताई" करत पाठी फिरली.

स्नेहल माझ्याकडं बघायला लागली. "काकी, हीच का ती?"

मग आम्हीही गड चढायला निघालो. मला काय अवदसा आठवली कोण जाणे. माझं हे वजन! निघताना मी आबांना विचारलं, "किती हाय हो वर?"

"हे काय, आलंच. दोन वळणं!"

दोन वळणं झाली. तिसरं आलं. चौथं आलं. पुढं मी मोजायचं सोडलं आणि आबांच्या सात पिढ्या मोजायला लागले! तोंडाला फेस. पण गडाच्या दरवाज्यात पोचले आणि खालचं खोरं दिसलं, हिरवंगार. आयुष्य ह्याच मुलखात गेलं, पण ते असं वरनं पहिल्यांदा बघितलं.

खाली आल्यावर मी आबांना धरलं. "दोन वळणं व्हय? धडधडीत खोटं!"

आबा ताक घुसळत होते. मान वर न करता म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर चढला असता का, ताई?"

स्थळाचं बोलायचं राहूनच गेलं. दमच उरला नव्हता.

* * *

परत येताना टेम्पोत स्नेहलनं वैशालीला फैलावर घेतलं. "पुण्याच्या पोरांना दम देतीस आणि वर्गात मुकी? उद्यापासनं असं समज की वर्गात सगळे गड चढायला आलेत!"

दुसऱ्याच दिवशी केमिस्ट्रीच्या मॅडमनी फळाभर काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "कळलं?" सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. वैशाली उभी राहिली.

"न्हाई कळलं, मॅडम."

पाठीमागच्या बाकावर एक भोरातलीच पोरगी होती, चांगल्या शिकलेल्या घरातली. तिनं "न्हाई कळलं, न्हाई कळलं" अशी नक्कल केली. वर्ग फुटला हसून.

वैशाली मागं वळली. "तुला कळलंय व्हय? मग सांग की. मला कळंल तरी."

मॅडमनी खडू खाली ठेवला. "कुणाला कळलं नाही? खरं सांगा. हात वर करा."

आधी एक हात. मग तीन. मग सगळा वर्ग. शेवटी त्या नक्कल करणारीचाही!

ती पोरगी आता आमच्याच मोरीवर वैशालीबरोबर गप्पा मारत बसते. येताना आईनं केलेले लाडू आणते. लाडू चांगले असतात.

* * *

दिवाळीची सुट्टी लागली. खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या आणि आबा आले. हातात तीच काठी. ओट्यावर बसले. चहा ठेवला तर कपाला हात लावला नाही.

"भर पिशवी," ते म्हणाले. "पुस्तकं-बिस्तकं द्यायची असतील तर कुणाला तरी देऊन टाक. चुलता घरी येऊन बसलाय."

स्नेहलनं वैशालीला आधीपासून काय काय बोलायचं ते पढवून ठेवलं होतं. नोकरी, पगार, कायदा, सगळं. पण वैशालीचं तोंड उघडेना. खांबाला धरून उभी. मी पदर खोचला.

"आबा, आता माझं ऐका–"

"काकी," वैशाली म्हणाली, "तुमी गप बसा जरा."

मला! माझ्याच ओट्यावर! पण बसले गप. त्या पोरीचा आवाज पालीच्या अंगणातला होता.

आबांनी तिच्याकडं बघितलं. चहावर साय धरली होती. त्यांनी विचारलं, "किती राहिलंय अजून तुझं?"

वैशालीनं त्यांच्या डोळ्यात डोळे घातले.

"हे काय आबा, आलंच. दोन वळणं!"

स्नेहलनं तोंडावर हात ठेवला. आबा हलले नाहीत. त्यांच्या मिशीखाली काहीतरी व्हायला लागलं, ते त्यांनी दाबलं. मग कप उचलला, साय बाजूला केली आणि गार चहा एका दमात पिऊन टाकला. उठले. टोपी सारखी केली. हातातली काठी पोरीच्या हातात दिली.

"घेऊन जा वर," ते म्हणाले. "उतरताना दे परत."